नवी वही कुणाच्या हाती?



2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. 5 एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला, 12 एप्रिलला ईस्टर आला, आणि चर्चची दारे बंद होती. त्या दिवसांत गरजेपोटी आपण जे हाती घेतले ते पुढे सवयीचे झाले. आज बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामात वॉर्डाचा ग्रुप आहे, गायकवृंदाचा आहे, कॅटेकिझम शिकवणाऱ्यांचा आहे. नाताळच्या वर्गणीचा हिशेब गुगल शीटवर असतो आणि दानपेटीशेजारी क्यूआर कोड चिकटवलेला आहे. तुमच्याकडे, मग तुम्ही गोव्यात असा, वडोदऱ्यात असा की हैदराबादेत, याहून फार वेगळे चित्र नसणार.

यावर दोन मते कानावर येतात. तरुण मंडळी म्हणतात, आणखी एक अ‍ॅप घ्या, सगळी कामे सुरळीत होतील. वडीलधारी म्हणतात, चर्च म्हणजे कंपनी नव्हे, हे सगळे बंद करा. आम्हा सेवेकऱ्यांना दोन्ही मते अर्धवट वाटतात. साधन चांगले की वाईट याचा वाद घालत बसण्यात अर्थ नाही, कारण साधने येतच राहणार. विचारायचे ते एवढेच, की नवी वही आपण कुणाच्या हाती देतो? ज्याला ती चालवता येते त्याच्या, की जो तिच्यामुळे बाहेर राहण्याची भीती आहे त्याच्या?

हा प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेला नाही. तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे.

यरुशलेमातली पहिली मंडळी वाढत होती. रोजच्या रोज विधवांना अन्नवाटप चाले. पण मंडळीत दोन भाषांचे लोक होते, एक इब्री बोलणारे आणि दुसरे ग्रीक बोलणारे. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली की वाटपात आमच्या विधवा सुटतात. पवित्र शास्त्र इथे कुणी मुद्दाम अन्याय केला असे म्हणत नाही. लोक वाढले, पण काम करण्याची पद्धत जुनीच राहिली, आणि ज्यांची भाषा वाटणाऱ्यांच्या कानाला परकी होती त्यांची नावे गळत गेली, असेच घडले असावे. सीमाभागात राहणाऱ्या आम्हाला हे समजायला वेळ लागत नाही. एकाच चर्चमध्ये कोकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी ऐकू येते आणि प्रत्येक सूचना यांपैकी एका भाषेत आधी निघते.

मग बाराजणांनी काय केले? त्यांनी मंडळीला एकत्र बोलावले आणि सात माणसे निवडायला सांगितले. आपण हा भाग वाचताना स्तेफनाजवळ थांबतो, कारण पुढे तो हुतात्मा होतो. पण सगळी नावे एकदा सावकाश वाचून पाहा. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन, अंत्युखियाचा नीकलाव... सातही नावे ग्रीक आहेत. शेवटचा तर जन्माने यहुदीही नव्हता. त्या काळी यरुशलेमातल्या यहुद्यांतही ग्रीक नावे सापडत, त्यामुळे नावावरून सगळे सिद्ध होते असे नाही. तरी अनेक अभ्यासक यातून हाच अर्थ काढतात की ज्या बाजूच्या विधवा सुटत होत्या, वाटपाचे काम त्याच बाजूच्या माणसांकडे गेले.

आज आपण असे करतो का? आपल्याकडे तक्रार आली की तक्रार करणाऱ्याला समजावून सांगणारा माणूस नेमला जातो. प्रेषितांनी मात्र कामच सोपवून टाकले आणि सर्वांदेखत त्यांच्यावर हात ठेवले. म्हणजे अधिकारही दिला. आपल्या धर्मग्रामांत स्वयंसेवकाला काम मिळते, पण कपाटाची किल्ली मिळत नाही, आणि मग काही महिन्यांनी तो येईनासा झाला की आपणच म्हणतो, आजकाल कुणाला वेळ नाही.

आता आजची गोष्ट. आमच्याच भागातल्या एका धर्मग्रामात घडलेली. नाव सांगत नाही, कारण ती कुठेही घडली असती. तिथे आजारी आणि घराबाहेर न पडू शकणाऱ्यांना पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद नेला जातो. कुणाच्या घरी जायचे याची वही वर्षानुवर्षे एका मावशींकडे होती. पुण्यात संगणकाची नोकरी करणारा एक होतकरू मुलगा सुट्टीत घरी आला आणि त्याने एका रात्रीत सुंदर शीट तयार केली. वॉर्डाप्रमाणे रंग, प्रत्येक घरापुढे फोन नंबर, भेट झाली की खूण. फादरांनी मिस्सेनंतर त्याचे कौतुक केले. पण भेटी देणाऱ्या बहुतेक बायका पन्नाशी-साठीच्या. मथळे इंग्रजीत, अक्षर बारीक, चुकीच्या जागी बोट लागले तर सगळे पुसले जाईल ही धास्ती. काहींनी शीट भरली, काहींनी मावशींनाच सांगितले. मावशींनी वही बंद केली नाही, कारण तिला बंद करायला कुणी सांगितलेच नव्हते. एक आजी मात्र आपले घर सोडून मुलाकडे राहायला गेल्या होत्या. वहीवाल्यांना वाटले की नवा पत्ता शीटवर आहे, शीटवाल्यांना वाटले की मावशी जाऊन येतात. सलग दोन पहिले शुक्रवार त्या आजी सकाळपासून पांढरी साडी नेसून, टेबलावर मेणबत्ती लावून बसल्या होत्या. कुणी आले नाही.

त्यांनी तक्रारही केली नाही. आपण आता चर्चच्या उपयोगाचे राहिलो नाही असे त्यांना वाटले, हे त्यांच्या सुनेने नंतर सांगितले.

दोन वह्या एकाच वेळी चालू ठेवणे हे कुठल्याही संस्थेत होते. बँकेत होते, पतपेढीत होते, दवाखान्यात होते. तिथे त्याने हिशेब चुकतो. आपल्याकडे एका म्हातारीला वाटते की देव तिच्या दारावरून पुढे निघून गेला. म्हणून आमचे म्हणणे आहे की नवे साधन आणायचे तर जुने कोणत्या दिवशी बंद होणार ते आधी ठरवा, ते मिस्सेनंतर जाहीर करा, आणि जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून सही करा. जुनी वही टाकू नका. ती कार्यालयात सांभाळून ठेवा. तीत एका बाईच्या वीस वर्षांच्या पायपिटीची नोंद असते.

आमच्या धर्मग्रामात हाच बदल करायची वेळ आली तेव्हा ही हकीकत आमच्या कानावर आलेली होती. आमच्याकडेही वही एका मावशींकडेच होती. (सगळीकडे ती मावशींकडेच का असते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) ठरले असे की शीट त्यांची असेल. त्यांच्या नावावर, त्यांच्या परवानगीने. आणि कोणते रकाने हवेत ते त्या सांगतील.

त्यांनी सांगितलेले रकाने आम्हाला कुणालाच सुचले नसते. आजाराचे नाव काढून टाका, त्या म्हणाल्या, कुणाला काय झाले आहे ते सगळ्या सेवेकऱ्यांना कळायची गरज नाही. त्याऐवजी लिहा, जिना किती चढावा लागतो, दारात कुत्रे आहे का, ऐकू कमी येत असेल तर कोणती खिडकी वाजवायची, सकाळची गोळी किती वाजता घेतात आणि त्यानंतर किती वेळ झोप येते. शेवटचा रकाना होता, ‘कुणाशी बोलायला आवडते’. भारताने 2023 साली लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. मावशींनी तो वाचलेला नाही, पण आजाराचे नाव काढायला सांगताना त्यांनी त्याचाच गाभा ओळखला होता.

मावशी स्वतः टाइप करत नाहीत. भेट झाली की त्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवतात आणि दृढीकरणाच्या वर्गातली त्यांची नात तो ऐकून शीटमध्ये भरते. आमच्यातल्या काहींना हे दुप्पट काम वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. ती पंधरा वर्षांची मुलगी दर आठवड्याला आजीच्या तोंडून ऐकते की कोण कुठे एकटे पडले आहे. कॅटेकिझमच्या कोणत्याही धड्यात हे शिकवता येणार नाही. अजूनही दोन बायका मोबाईल वापरत नाहीत. त्यांच्यासाठी कागदाची चिठ्ठी चालू आहे, आणि ती चालू राहील.

साधनाइतकीच सवयही महत्त्वाची, आणि सवय बदलणे अवघड. याचे एक मोठे उदाहरण अलीकडे सगळ्या जगाने पाहिले. 2023 आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये रोमला बिशपांच्या धर्मसभेची दोन अधिवेशने झाली. एरवी अशा सभेत रांगांमध्ये बसायचे, व्यासपीठाकडे तोंड करायचे, आणि एकामागून एक भाषणे ऐकायची. या वेळी पोप सहावे पॉल सभागृहात गोल टेबले मांडली होती. एकाच टेबलाभोवती कार्डिनल, बिशप, सिस्टर आणि प्रापंचिक स्त्री-पुरुष बसले. स्त्रियांना धर्मसभेत मताचा अधिकार मिळाला तो 2023 मध्येच, इतिहासात पहिल्यांदा. बोलण्याची रीतही ठरलेली होती. पहिल्या फेरीत प्रत्येकाने प्रार्थनेतून जे वाटले ते सांगायचे आणि बाकीच्यांनी उत्तर न देता ऐकायचे. मग शांतता. दुसऱ्या फेरीत आपले मत पुन्हा मांडायचे नाही, दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे. पुन्हा शांतता. त्यानंतर कुठे सगळ्यांनी मिळून काय उमगले ते शोधायचे. याला ‘आत्म्यातील संभाषण’ म्हणतात.

आम्ही हे पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत करून पाहिले. खर्च शून्य. हॉलमधले बाक भिंतीला लावायचे आणि खुर्च्या गोल मांडायच्या. प्रत्येकाला तीन मिनिटे. पहिल्या बैठकीत शांततेच्या वेळी दोघांनी मोबाईल काढले आणि एकाने पंख्याचा वेग वाढवला, कारण गप्प बसण्याची आपल्याला सवयच नाही. पण दुसऱ्या फेरीने खरी पंचाईत केली. दुसऱ्याच्या बोलण्यातले काय भिडले ते सांगायचे तर आधी ते ऐकलेले असावे लागते. आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद, जे दर वेळी पार्किंगवरच बोलतात, त्यांना त्या दिवशी बालवर्गाच्या शिक्षिकेने काय सांगितले ते सांगावे लागले. त्यांनी ते नीट सांगितले. पाच बैठका जो विषय पुढे ढकलला जात होता, लहान मुलांच्या वर्गासाठी तळमजल्यावरची खोली देण्याचा, तो त्या दिवशी सुटला.

यातही काही अगदी नवे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या कामी सगळ्या मठवासीयांना बोलावण्याची आज्ञा आहे, आणि कारणही दिले आहे: जे अधिक बरे ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला दाखवतो. निर्णय मठाधिपतीचाच, पण ऐकल्यानंतर. फादर आणि पॅरिश कौन्सिल यांच्या नात्याबद्दल आपल्याकडे जे वाद होतात त्यांतले बरेच हा एक अध्याय वाचून मिटतील असे आमचे मत आहे.

आता त्या आक्षेपाकडे येऊ, की चर्च म्हणजे कंपनी नव्हे. बरोबर आहे. पण नोंदी ठेवणे हे कंपन्यांनी चर्चला शिकवलेले नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली धर्मगुरूंना विवाह आणि बाप्तिस्मा यांची नोंदवही ठेवायला लावली. आजही जुना दाखला हवा असला की आपण त्याच वहीकडे जातो. त्या वहीला कुणी कारखान्याची रीत म्हणत नाही.

कंपनीतून येऊ नये असे काही आहेच, आणि ते आम्ही ठामपणे सांगतो. भेटींची संख्या मोजून सूचनाफलकावर लावू नका. कुणी एका विधवेजवळ दोन तास बसून आले तर शीटमध्ये ती एकच खूण दिसते, आणि दोन तासांत आठ घरे उरकणारा पुढे दिसतो. निळ्या खुणा पाहून ‘तुम्ही निरोप वाचला होता, मग आला का नाहीत’ असे विचारू नका. रात्री नऊनंतर आमच्या सेवेकऱ्यांच्या ग्रुपवर मृत्यू किंवा तातडीचा आजार सोडून काहीही टाकायचे नाही असा नियम आहे. सेवेकऱ्यालाही घर आहे, आणि विसाव्याची आज्ञा दहा आज्ञांतच आहे.

क्यूआर कोडबद्दल थोडेच. तो असू द्या, हिशेबाला सोयीचा आहे. पण थाळी फिरणे बंद करू नका. मंदिरात दोन लहान नाणी टाकणारी विधवा येशूला दिसली, कारण त्या भांडारापुढे कुणालाही येता येत होते आणि कितीही लहान नाणे टाकता येत होते.

भाषेचा मुद्दा मात्र आमच्या मनाला लागून आहे. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो गोव्यात, 1556 साली, सेंट पॉल कॉलेजात. खरे तर तो इथिओपियाला जायचा होता, वाटेत गोव्यात राहिला. त्यानंतर साठ वर्षांनी, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले. मराठीच्या गोडव्याने भारावलेल्या या इंग्रज जेज्युइटाचे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले, कारण आपल्या लिपीचे खिळेच नव्हते. त्यांचा नाइलाज होता. आज प्रत्येक मोबाईलमध्ये देवनागरी आहे, बोलले तरी ती उमटते. तरी आपल्या धर्मग्रामांचे निरोप रोमन अक्षरांत तोडूनमोडून लिहिलेल्या मराठीत येतात, नाहीतर सरळ इंग्रजीत. ज्या आजीने रोमन अक्षरे कधी शिकलीच नाहीत तिच्यासाठी तो निरोप नसल्यासारखाच. ग्रीक बोलणाऱ्या विधवा यापेक्षा फार वेगळ्या कारणाने सुटल्या नसतील.

आम्ही केलेला बदल लहान आहे. प्रत्येक वॉर्डात एक निरोप्या नेमला आहे, आणि तो निवडताना उलटा निकष लावला: ज्यांना इंग्रजी निरोप कळत नाहीत त्यांच्यापैकीच कुणीतरी. कार्यालयातून आलेला निरोप आधी त्यांच्याकडे जातो. त्यांना तो समजला, की मग तो ग्रुपवर जातो. नाही समजला तर परत येतो. सुरुवातीला कार्यालयातले लोक वैतागले. आता निरोप आपोआप छोटे झाले आहेत आणि मराठी व कन्नड दोन्हींत निघतात. कोकणी अजून मागे आहे, त्यावर काम चालू आहे.

येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर मृत्यूच्या घंटेचा विषय आहे. कुणी वारले की आपल्याकडे घंटा वाजते. बातमी आता ग्रुपवर मिनिटात पोहोचते, मग घंटा कशाला, उगाच शेजाऱ्यांना त्रास, असे काहींचे म्हणणे आहे. आमचे मत घंटा ठेवावी असे आहे. वॉर्डाच्या ग्रुपवर फक्त आपण असतो. घंटा ऐकून समोरचा किराणावाला शटर अर्धे खाली ओढतो, रिक्षा स्टँडवरचे लोक कोण गेले म्हणून विचारायला येतात, आणि मातीला जाताना ज्यांना आपण कधी निरोप पाठवला नव्हता अशी माणसेही सोबत चालतात. बैठकीत हा विषय निघेल तेव्हा पहिली तीन मिनिटे घंटा वाजवणाऱ्या काकांना द्यावीत, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे.